बिल्टीच्या पाठीवरची कादंबरी

“यमुताई, तुमच्या कादंबऱ्या तुम्हीच लिहिता, की रुपरावकाका लिहून द्यायचे?”

मित्रांनो, कुंदाने हा प्रश्न एका दमात विचारला आणि दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिली. शाळेतल्या तिघी मैत्रिणींनी तिला पैजेवर धाडलं होतं, की एवढी धीट झालीस ना, मग हे तोंडावर विचारून दाखव. त्या तिघी रस्त्यापलीकडे उभ्या ट्रकच्या सावलीत थांबून तिची वाट पाहत होत्या. १९८३ सालचा मे महिना, दुपारचे दोन. नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामांचे पत्रे तापून कडकड वाजत होते.

यमुताई चुलीपाशी कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला.

आणि मी? मी खिडकीत होतो. नागपूरच्या ऐन मे महिन्यात, डोक्यापासून पायापर्यंत पोत्यात गुंडाळलेला! मला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, ते माझ्या पोटात होतं. पण मला कोण विचारतो? मी एक जुना कूलर, बटण दाबलं की बोलणार, आणि बोलणार तेही एकच, घर्रर्र.

माझा जन्म नागपूरच्या महाल वस्तीतला. १९६४ साली धोंडबा नावाच्या कारागिराने मला एका गल्लीच्या तोंडाशी बसून बनवलं. लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यावर जाड पत्रा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि भंगारातून आणलेला एक दणकट पंखा. पंखा माझ्या अंगापेक्षा मोठ्या ताकदीचा होता, म्हणून मी चालू झालो की नुसता थरथरायचो. खिडकीचे गज हलायचे, कपाटावरची भांडी नाचायची. धोंडबाने कानावर हात ठेवून सांगितलं होतं, की हवा फर्स्ट क्लास देईल, पण शेजारी बसून गप्पा मारता येणार नाहीत. निवांत बसणं माझ्या नशिबातच नव्हतं आणि खरं सांगू, मला ते आवडतही नाही.

पहिले दोन उन्हाळे मी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामाच्या ऑफिसात काढले. मग मालकाने मोठा कूलर घेतला आणि मला कोपऱ्यात ढकललं. तिथले बुकिंग क्लार्क, म्हणजे यमुताईंचे यजमान रुपराव, यांनी मला मागून घेतलं, हातगाडीवर चढवलं आणि मागच्याच रांगेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत आणलं. यमुताईंनी मला हळदकुंकू लावलं, बादलीभर पाणी पाजलं आणि पहिला वारा अंगावर आला तेव्हा त्या डोळे मिटून दहा मिनिटं माझ्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

यमुताईंची शाळा चौथीपर्यंतच झाली होती. पण वाचनाची भूक भयंकर! वाचनालयातून येणारी कादंबरी त्या दोन दिवसांत संपवायच्या आणि मग खोलीभर येरझारा घालत पुटपुटायच्या, की ही बाई अशी रडत काहून बसली, उठून काही करत काहून नाही. एक दिवस त्यांनी स्वतःच पेन्सिल उचलली. कागद कुठला? ट्रकमध्ये माल चढवला की त्याची पावती बनते, तिला बिल्टी म्हणतात. गोदामात जुन्या बिल्ट्यांचे गठ्ठे पडलेले असायचे. रुपराव ते घरी आणायचे चूल पेटवायला. यमुताईंनी त्यातले निम्मे चुलीपासून वाचवले. पुढच्या बाजूला लोखंडी पाइप, अमरावती, अकोला, नग बारा. आणि पाठीमागे एक बाई घर सोडून निघालेली.

पण अक्षर, मित्रांनो! ओल्या भिंतीवरून मुंग्या घाईघाईने निघाव्यात तसं. त्यात त्या अर्धेच शब्द लिहायच्या, बाकीचे मनात ठेवायच्या, कारण भाजी लागायची, नळ यायचा, दारावर कोणी ना कोणी हाक मारायचं. ते अक्षर जगात एकट्या यमुताईंनाच वाचता येत होतं.

पावसाळा लागला की माझी एक ताटी काढून त्या बिल्ट्यांचे गठ्ठे माझ्या कोरड्या पोटात ठेवायच्या. घरात दुसरी जागाच नव्हती. श्रावणात पहिलं प्रकरण यायचं, दिवाळीत नायिकेचं लग्न मोडायचं, संक्रांतीला ती नोकरीला लागायची. हे सगळं पोटात घेऊन मी आठ महिने अस्वस्थ उभा असायचो. पुढे काय झालं, पुढे काय झालं! आणि ऊन तापलं की मला सुरू करावंच लागायचं. मला पाणी घालायचं तर कादंबरी बाहेर काढणं भाग होतं. म्हणून यमुताईंची प्रत्येक कादंबरी रामनवमीच्या आत पूर्ण व्हायची. लेखिकेला घाई करणारा असा कूलर दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

मग सुरू व्हायची आमची उन्हाळी हजेरी. रुपरावांचं अक्षर मोत्यासारखं होतं. गोदामातून जेवायला आले की जेवून ते माझ्यापुढे टेबल ओढायचे, कोरे कागद घ्यायचे आणि म्हणायचे, “सांग वं, मी लिहून राहिलो.” यमुताई चुलीपाशी पोळ्या लाटता लाटता, मांडीवर बिल्टी ठेवून सांगायच्या. रुपराव उतरून घेतात. मी वारा घालतो.

कधीकधी रुपरावांना मध्येच हुक्की यायची. एकदा त्यांनी सूर्यास्ताचं चांगलं पाऊण पान स्वतःच्या मनाने घुसडलं. क्षितिज, केशरी रंग, परतणारे पक्षी. वाचून दाखवलं तर यमुताईंनी लाटणंच उगारलं. त्या म्हणाल्या, “सूर्य बुडाला तर बुडू द्या. तिची पोळी तव्यावर आहे, ते पाहा आधी.” पाऊण पान फाडलं गेलं. मी साक्षीदार आहे.

पहिली कादंबरी ‘तिसऱ्या खोलीतली वहिनी’ १९६७ साली निघाली. महालात भैयाजींचा प्रेस होता, ते छापायचे आणि वाचनालयांना पुस्तकं पुरवायचे. कागद पोचवायला, प्रुफं आणायला रुपरावच जायचे. यमुताईंनी प्रेसचा उंबरठा कधी पाहिला नाही. घरच्या बाईने प्रेसमध्ये जाऊन काय करायचं, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. त्यांना स्वतःलाही वाटायचं. पुस्तक मात्र धडाक्याने चाललं. कामठीपासून बायका चिठ्ठ्या धाडायच्या, की ती वहिनी आमच्याच गल्लीतली आहे, तुम्हाला कशी कळली. वाचनालयातली प्रत वर्षभरात इतक्या हातांतून गेली की तिला तिसऱ्यांदा बांधावं लागलं. मी खिडकीत फुगून उभा होतो.

आणि इथेच घोळ झाला. मित्रांनो, मला कबूल करायचंय. गुन्ह्यात माझा वाटा आहे.

आमच्या खोलीचं दार दुपारी उघडं असायचं. येणारी-जाणारी माणसं आत पाहायची. काय दिसायचं? रुपराव टेबलावर वाकून भराभर लिहितायत आणि यमुताई पोळ्या लाटतायत. त्यांचे ओठ हलताना दिसायचे, पण बाई काहीतरी गुणगुणत असेल असं वाटायचं. सांगतायत हे कोणाला कळायचंच नाही. कारण मी! माझ्या घरघरीत त्यांचा एक शब्द दाराबाहेर जात नव्हता. मला वाटायचं, मी लेखिकेला गारवा देतोय. मी तर तिचा आवाज खात होतो.

तिकडे प्रेसमध्ये केशव नावाचे जुने कंपोझिटर होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, की कागदावर अक्षर पुरुषाचं आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग बाई लिहिते कुठून? बाईचं नाव घातलं की बायका घेतात, एवढंच. महालातली ही बातमी वाडीला आली आणि वाडीने मान डोलवली. आम्ही तर रोज पाहतो, म्हणाले सगळे.

गोदामात रुपरावांना ‘लेखकसाहेब’ म्हणू लागले. ट्रकवाले त्यांना चहा पाजायचे. रुपराव हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. नुसते हसायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी यमुताईंच्या बिल्ट्या कधी चुलीत जाऊ दिल्या नाहीत, भर उन्हात सायकलवर महालात चकरा मारल्या. पण ते हसणं मला सहन व्हायचं नाही. मी जास्तच खडखडायचो, आणि ते उठून माझ्या पंख्याला तेल घालायचे!

१९७२ साली वस्तीच्या मंडळाने साहित्यिक म्हणून सत्कार ठेवला, तो रुपरावांचा. यमुताईंनी त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करून दिली. ते नारळ आणि शाल घेऊन परत आले आणि दोन्ही यमुताईंपुढे ठेवून म्हणाले, “हे तुझं आहे.”

यमुताईंनी विचारलं, “मग तिथं काहून नाही सांगितलं?”

रुपराव खिडकीपाशी आले. मग त्यांनी माझं बटण दाबलं. घर्रर्र. त्या आवाजात दोघांपैकी कोणालाच काही बोलावं लागलं नाही. मला कुणी विचारून सुरू केलं असतं ना, तर त्या दिवशी मी सुरूच झालो नसतो.

वर्षं गेली. माझ्या ताट्या बदलल्या, पाण्याचा पंप बसला, पत्रा खालून गंजला. यमुताईंच्या एकूण चौदा कादंबऱ्या माझ्या पोटातून बाहेर पडल्या. त्यांतल्या बायका रडून बसणाऱ्या नव्हत्या. कुणी दवाखान्यात रात्रपाळी करायची, कुणी संत्र्यांच्या पेट्या भरून मुलांना शिकवायची, कुणी नवऱ्याला माफ करायची आणि कुणी साफ करायची नाही. यमुताई मात्र घरातच. दर वेळी नवीन पुस्तक हातात आलं की त्या वरच्या नावावरून बोट फिरवायच्या आणि पुस्तक कपाटात ठेवून द्यायच्या.

१९८१ च्या डिसेंबरात रुपराव गोदामातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. माझ्या पोटात तेव्हा पंधरावी कादंबरी होती, अर्धी झालेली.

उन्हाळा आला. यमुताईंनी माझं पोतं काढलं नाही. त्यांनी भैयाजींना चिठ्ठी धाडली होती, तर ती परत आली, अक्षर लागत नाही म्हणून. पुढची कादंबरी निघेना, तसं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं, पाहा, आम्ही म्हणत होतो ना, लिहिणारा गेला. दुसरा उन्हाळा आला. मी बंद. माझ्या ताट्या वाळून त्यांचा भुगा खाली पडत होता. पोटात अर्धी बाई बसस्टँडवर उभी होती, हातात पिशवी घेऊन, आणि तिची बस सुटत नव्हती. असं किती दिवस उभं राहायचं, सांगा बरं! यमुताई दुपारभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायच्या, पुटपुटायच्या, पुन्हा चालायच्या. त्यांनी ती कादंबरी बिल्ट्यांवर पुरी केली, पण उतरवणार कोण?

आणि अशात कुंदा येऊन उभी राहिली. शेजारच्या खोलीतल्या देवराव मेकॅनिकची मुलगी, नुकती नववीत गेलेली. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तिच्या प्रश्नावर यमुताई रागावल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, माझं पोतं खसकन ओढलं, ताटी काढली आणि गठ्ठ्यातली वरची बिल्टी तिच्या हातात दिली.

“वाच,” त्या म्हणाल्या.

कुंदाने उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. एक शब्द लागला, तोही चुकीचा. मग यमुताई तिच्यासमोर बसल्या आणि कागदाकडे न पाहता बोलू लागल्या. बसस्टँड, पिशवी, पिशवीत वाळत घातलेली आणि नीट न वाळलेली साडी, तिचा कुबट वास, त्या वासाने त्या बाईला आठवलेलं अंगण. कुंदा आधी उभी होती. मग बसली. मग तिने तोंडावर हात ठेवला. बाहेरच्या तिघी वाट पाहून पाहून निघून गेल्या तरी तिला पत्ता नव्हता.

“मग ती बसमध्ये बसते का?” शेवटी तिने विचारलं.

“तुले काय वाटते वं?” यमुताई म्हणाल्या. “वही आहे ना तुझ्यापाशी? घे लिहून.”

त्या संध्याकाळी कुंदाने माझी टाकी घासली, नव्या ताट्या बसवल्या, चार बादल्या पाणी ओतलं. मी दोन वर्षांनी सुरू झालो आणि इतका उडालो की खिडकीचा एक खिळाच निघाला!

उरलेला सगळा उन्हाळा कुंदा लिहीत होती. यमुताई सांगायच्या, ही उतरवायची. अडली की भांडायची. ही अशी काहून बोलली, मी असते तर नसती बोलली, असं म्हणायची. यमुताई हसायच्या. रुपरावांशी त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. जूनमध्ये कुंदाच्या वडिलांनी कागद प्रेसमध्ये पोचवले आणि १९८४ च्या फेब्रुवारीत ‘रिकामा ट्रक’ निघाली. कव्हरवर यमुताईंचं नाव. वाचनालयात नंबर लागले.

आणि केशव कंपोझिटरने पुन्हा खिळे जुळवता जुळवता सांगून टाकलं, की अक्षर पोरीचं आहे. आधी नवरा लिहायचा, आता शेजारची पोरगी लिहिते. बाई तेव्हाही नावालाच होती आणि आताही नावालाच आहे.

वाडीने मान डोलवली. आम्ही तर रोज पाहत होतो.

शाळेत कुंदाभोवती घोळका होऊ लागला. पैज लावणाऱ्या तिघी तिची पिशवी उचलू लागल्या. बाई वर्गात म्हणाल्या, आपली कुंदा मोठी लेखिका होणार. आणि कुंदा, सांगताना मला कसंतरी होतंय, कुंदा नाही म्हणाली नाही. ती हसली. मी ते हसणं ओळखलं. आमच्या खोलीत बसून तिने वहीच्या शेवटच्या पानावर आपलं नाव वळणदार अक्षरात सात वेळा लिहून पाहिलं आणि मग पान फाडून गिळावं तसं मुठीत लपवलं. नंतरचे कितीतरी दिवस ती लिहायला बसली की पाय हलवत राहायची, पाणी प्यायची, उठायची, परत बसायची.  यमुताई सोळावी कादंबरी सांगत राहायच्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असं मागे उभं राहून काम करत असेल. तुम्हाला पुढे बसलेला दिसतो, कारण तो उजेडात असतो. मागच्याचा आवाज आपल्याच गडबडीत बुडतो. माझ्यासारखी मोठ्या आवाजाची वस्तू घरात असेल तर दिवसातून एकदा तरी ती बंद करा आणि कोण बोलतंय ते ऐका. तेवढंच मागतो. आणि हो, हंगाम संपला की टाकीतलं पाणी काढून ठेवत जा, बूड गंजतं.

१९८४ च्या जूनच्या मध्याची दुपार होती. पाऊस लांबला होता. देवराव आणि कुंदाची आई सिंधूताई आमच्या खोलीत आले ते जवळजवळ धावतच. देवरावांच्या हातात छापील कागद होता. भैयाजी स्वतः वाडीला येऊन त्यांना भेटून गेले होते. सोळावी कादंबरी कुंदाच्या नावाने काढायची, कव्हरवर तिचा फोटो, शाळकरी लेखिका म्हणून. फक्त एक सही हवी. देवराव हे सगळं ओरडून सांगत होते, कारण मी चालू होतो.

कुंदा उठली आणि तिने माझं बटण बंद केलं.

पंखा दोन-चार वेळा फिरून थांबला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की तव्यावरची पोळी फुगताना ऐकू आली.

“यमुताई, तुम्ही नाही म्हणू नका,” देवराव म्हणाले. “पोरीचं कल्याण होईल.”

यमुताईंनी पोळी उलटली. मान वर केली नाही. “घे वं नाव,” त्या म्हणाल्या. “मले काय करायचं आहे त्याचं? पुस्तक निघालं म्हणजे झालं.”

देवरावांनी पेन पुढे केलं. कुंदाने ते घेतलं. टोपण काढलं. मी थिजून पाहत होतो. तिने कागदावर ‘कुं’ एवढं लिहिलंही. मग तिची नजर सहीच्या वरच्या ओळीवर गेली आणि तिने ती मोठ्याने वाचली, वक्तृत्वाच्या स्पर्धेत वाचते तशी. “ही कादंबरी मी स्वतः लिहिली आहे.”

 तिने ती ओळ पुन्हा वाचली, पण या वेळी आवाज खाली आला.

“मग?” देवराव म्हणाले. “लिहिलीच तर आहे. आम्ही रोज पाहिलं.”

“पाहिलं, बाबा. ऐकलं कुठं?”

सिंधूताईंनी पदराने घाम पुसला आणि मध्ये पडल्या, “काहून वं, एवढा चांगला चान्स आला अन् तू...”

कुंदाने ‘कुं’वर आडवी रेघ ओढली, कागदाची घडी केली आणि वडिलांच्या खिशात ठेवली.  यमुताई आता तिच्याकडे पाहत होत्या. लाटणं त्यांच्या हातात तसंच होतं.

“मी सही नाही करणार,” ती म्हणाली. “उद्या सकाळच्या बसने मी यमुताईंना घेऊन महालात प्रेसमध्ये चालली आहे. त्या भैयाजींसमोर सांगतील, केशवकाकांसमोर सांगतील, अन् मी तिथंच बसून लिहीन. एक प्रकरण, दोन प्रकरणं, त्यांना पटेपर्यंत. आई, सकाळी डबा दोघींचा दे.”